दहावा रकाना

फेब्रुवारीतच डांबर मऊ झालं होतं.
काखेत जनगणनेची पिशवी, खिशात दोन पेनं,
चौथीचा वर्ग शेजारच्या बाईंवर टाकून
मी साखर पेठेच्या मागच्या बोळात शिरलो.
खडाक्-खट, खडाक्-खट.
मागांच्या आवाजात नाव ओरडून विचारावं लागतं
आणि माणसं वय बोटांवर दाखवतात:
आधी चार, मग मूठ मिटून पुन्हा सात.

नाव, नातं, वय सरळ उतरतं.
पेन अडतं दहाव्या रकान्याशी.
मातृभाषा.

नरसव्वा कोंड्याल सुपातून मान वर न करता म्हणाली,
"तेलगू लिवा. देवाशी तेलगू, नातवाशी तेलगू.
चेकर इड्या बाजूला काढालाय की मराठी.
भांडायला दोन्ही लागतात मास्तर,
एकीत शिव्या पुरत न्हाईत."

दस्तगीर बागवानाचा मुलगा उंबऱ्यातूनच म्हणाला, उर्दू.
बाप आतून खोकला.
"उर्दू रेडिओवाले बोलते. अपनी सोलापुरी.
लेकिन लिख बाबा उर्दू,
खाना छोटा है."

वरच्या खोलीत नवं बिऱ्हाड.
तो गड्डम, ती हत्तुरे; दारावर दोन्ही आडनावं खडूनं.
तिची कन्नड, त्याची तेलगू, पाळण्यात सात महिन्यांचा.
"तुम्ही एकमेकांशी?"
"मराठी."
"मग बाळाची मराठी लिहू?"
ती हसली. "ती आमच्यापैकी कुणाच्याच आईची नव्हे."
पुस्तिकेत होतं, तान्ह्याला आईची भाषा लावावी.
मी कन्नड लिहिलं.
पाळण्याची दोरी तेव्हा बापाच्या हातात होती,
आणि तो तेलगूत काहीतरी पुटपुटत होता.

दुसरा ब्लॉक सेटलमेंटात.
तिथं तारेचं कुंपण राहिलेलं नाही,
पण म्हातारी माणसं अजून "तारेत" म्हणतात,
तारेत जन्मले, तारेत लगीन झालं.
फुलाबाई माने दारात वाळत घातलेल्या मिरच्या राखत बसली होती.
पिशवी पाहिली, तिच्यावरचा शिक्का पाहिला
आणि उठून उभी राहिली.
पंच्याहत्तर वर्षांची बाई, हात मांड्यांना चिकटवून.

"बसा आजी."
बसली नाही.
"परत मोजालालाव?"

मग सून सांगू लागली, मिरच्यांचं पातळ झटकत:
सकाळी एक हजेरी, रात्री एक,
चुकली तर बापाला कोठडी.
सासूबाई सहा वर्षांच्या, झोपेत असल्या
तरी नाव ऐकून उठून उभ्या राहायच्या.
घरातली बोली कैकाडी.
ती हळू बोलायची, आई सांगायची म्हणे,
शिपायाला कळली नाही तर तो चोरीची समजतो.

मी फॉर्म भरला. नियमाप्रमाणे शेवटी
नावं वाचून दाखवली, चूक असली तर सांगा म्हणून.
फुलाबाई रामा माने.
"हजर," ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण शोधत राहिलो.
ते खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत कॅटलॉग उघडला.
आडाम, बागवान, बिराजदार, गड्डम, काळे, माने, पवार, शेख.
चाळीस पोरं, कुठल्या कुठल्या घरातून आलेली,
एकाच फळ्याकडे तोंड करून.
पहिलं नाव घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

कॅटलॉग मिटला.
"आज कोण आलं नाही रे?"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
"रेणुका न्हाई सर.
आईसंगं इड्या द्यायला गेलीय कारखान्यावर.
येलालीय म्हणली जेवणाच्या सुट्टीत."